मुदत संपलेला आहेर

माझ्या मुलीच्या लग्नात मी पाहुण्यांना जो आहेर वाटला, तो सगळाच्या सगळा एकाच सकाळी मेला.

आहेर मरत नसतो, हे मलाही कळतं. आहेरातली भांडी चेपतात, साड्या कपाटात घडीवर विरतात, घड्याळं बंद पडून भिंतीला तशीच लटकतात. पण आमचा आहेर रीतसर मेला, आणि मरताना त्याने खारबावपासून पडघ्यापर्यंत घराघरातून, बाईच्या आवाजात, इंग्रजीतून तसं जाहीर केलं.

मी कमी बोलणारा माणूस आहे. माझी बायको सुनंदा म्हणते, ह्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे बोअरमध्ये पडलेला पंप वर काढणं. चार माणसं लागतात आणि वर येतो तोही गंजलेलाच. त्यामुळे ही हकिगत मी आजवर ज्याला जेवढी सोसेल तेवढीच सांगितली. निम्मी तालुकाभर फिरतेच आहे. ती ऐकून लोक मला देवमाणूस समजतात की वाह्यात, हे सांगणारा कुठून सुरुवात करतो त्यावर आहे. म्हणून आता सगळी सांगतो. दोन्ही समजा.

आमची जमीन मानकोलीला. तिथे वडील भात पिकवायचे, मी पत्र्याची गोडाऊनं भाड्याने देतो. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. भाडेकरू कंपनी गोडाऊन खाली करून गेली की मागे जे राहील ते मालकाचं. कायद्यात हे कुठे लिहिलंय मला माहीत नाही, पण आमच्याकडे कायद्यापेक्षा हे जास्त पाळलं जातं. आमचं घर बघाल तर त्यात विकत घेतलेली वस्तू शोधावी लागेल. जेवणाच्या टेबलाभोवती ऑफिसच्या चाकांच्या खुर्च्या आहेत, त्यामुळे पाहुणा आमटी वाढून घेईपर्यंत शोकेसला जाऊन टेकलेला असतो. न्हाणीत एक शाम्पू आम्ही वर्षभर वापरला, सगळ्यांचे केस चांगले चमकत होते, आणि मग एका भाच्याने बाटलीवरचा कुत्रा दाखवला. (मला तो कुत्रा कंपनीचा शिक्का वाटला होता.)

तर असंच एक भाडेकरू ऑनलाइन माल विकणारं दुकान एका आठवड्यात गाशा गुंडाळून गेलं आणि मागे उरली खोकी. आत पांढरेशुभ्र, गुळगुळीत, पुरणपोळीएवढे गोल डबे, एकेक सीलबंद. स्मार्ट घराची यंत्रं, परदेशी. छताला लावायची. धूर झाला तर ओरडतात. कार्बन मोनॉक्साइड नावाचा एक विषारी वायू असतो, ज्याला वास नाही, रंग नाही, तो झाला तरी ओरडतात. आणि नुसतं ओरडत नाहीत, कुठल्या खोलीत काय झालं ते बोलून सांगतात आणि मालकाच्या मोबाइलवरही कळवतात. मला तो माल बघून भरून आलं. प्राचीचं लग्न ठरलेलं होतं, सुनंदा आहेरासाठी तांब्याच्या तांब्यांवर अडून बसली होती, आणि इथे सायन्सच खोक्यात भरून ठेवलेलं!

यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत एक तारीख होती. ह्या तारखेनंतर हे यंत्र बदला, असं शेजारी लिहिलेलं. तारीख उलटलेली नव्हती. पण फार लांबही नव्हती, लग्न आणि ती तारीख ह्यांच्या मध्ये जेमतेम एक पावसाळा बसत होता. मी गोडाऊनच्या ओट्यावर बसून विचार केला. बिस्किटाला तारीख असते, औषधाला असते, प्लास्टिकच्या डब्याला कसली तारीख? शिवाय सील फोडलेलं नाही. जे वापरायलाच काढलं नाही त्याचं वय कसं वाढेल? (वाढतं. आतला सेन्सर कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसापासून झिजत असतो. तुम्ही खोकं उघडा, नाहीतर देव्हाऱ्यात ठेवा. हे मला नंतर कळलं. म्हणजे छापलेलं आधीपासून होतं, वाचलं मी नंतर.)

मनात पाप नसतं तर मी इथे थांबलो असतो. लग्नपत्रिकांबरोबर छापून आणलेली सोनेरी गणपतीची लेबलं घरात होती, ‘शुभाशीर्वाद’ आणि खाली आमचं आडनाव. मी एकेक यंत्र उलटं केलं आणि एकेक गणपती बरोबर तारखेवर बसवला. एवढी मोठी पाठ मोकळी, पण गणपती तारीख सोडून कुठे बसायला तयार नाही. सुनंदा म्हणाली, जरा मधोमध लावा की, तिरके दिसतात. मी म्हणालो, असेच शोभतात.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. डीजेने कौलं हलत होती, आणि त्या गदारोळात आलेल्या प्रत्येक घराला मी माझ्या हाताने पांढरा डबा देत होतो. कोणी तो हलवून बघितला, कोणी झाकण शोधलं, एका काकाने तो स्पीकर समजून डीजेवाल्याकडे नेऊन दिला. सगळ्यात जास्त वेळ तो प्राचीच्या सासूबाईंनी, म्हणजे पडघ्याच्या गुलाबबाईंनी, हातात धरला. गुलाबबाई उंच नाहीत, पण दारात उभ्या राहिल्या की दार लहान वाटतं. त्यांनी डब्याचं वजन घेतलं, कानाला लावला, आणि मला विचारलं की यात भरायचं काय. मी धूर, वायू, छत, मोबाइल असं सगळं सांगितलं. कमी शब्दांत सांगितलं, त्यामुळे ते आणखी वाईट झालं.

“म्हंजे आमच्या घराला आग लागंल, असा तुमी आहेर देताव, व्याही?”

मी हसलो. मला दुसरं काही सुचत नाही तेव्हा मी हसतो, आणि लोक मला समंजस समजतात.

लग्नानंतर मी स्वतः स्टूल आणि ड्रिल घेऊन घरोघर यंत्रं बसवत फिरलो. पासवर्ड आणि अ‍ॅपची कटकट कोणाला नको होती, म्हणून सगळी यंत्रं माझ्याच फोनला जोडली. आणि सांगतो, त्या काळात मी फार वाईट माणूस झालो. मानकोलीच्या ओट्यावर बसून मला अख्ख्या गोतावळ्याचा स्वयंपाक कळायचा. कोणाची भाकरी करपली, कोणी शिळ्या तेलात मासे तळले, कोण घरात लपून बिडी ओढतं. घरी येऊन मी सुनंदाला बातम्या देत असे. बत्तीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच आपणहून बोलत होतो, आणि बोलत होतो ते लोकांच्या तव्यांबद्दल!

एके दिवशी फोनवर आलं की पडघ्याच्या स्वयंपाकघरात धूर आहे. मी लाडात आलो. मी गुलाबबाईंना फोन लावला आणि म्हणालो, काय विहीणबाई, आज बोंबील करपले वाटतं. पलीकडून फोन खाडकन बंद झाला. गुलाबबाईंनी त्यातून एकच अर्थ काढला. सून घरातल्या गोष्टी माहेरी पोचवते. संध्याकाळी प्राचीचा फोन आला. ती रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, पप्पा, त्या माझ्याशी बोलत नाहीयेत. तुम्ही सांगा ना त्यांना की मशीनने कळवलं. मी हो म्हणालो. मग विचार केला की समजावून सांगायला तोंड लागतं आणि बंद करायला अंगठा पुरतो. मी फोनवरून पडघ्याच्या घराच्या सूचना तेवढ्या बंद करून टाकल्या. गुलाबबाई यथावकाश बोलायला लागल्या. माझ्या मते प्रश्न सुटला.

मग ती सकाळ उजाडली. सगळी यंत्रं एकाच कारखान्यातून, एकाच घाण्यातून निघालेली, त्यामुळे सगळ्यांची तारीख एक. आणि यंत्रं स्मार्ट, त्यामुळे प्रत्येकाला आपली तारीख तोंडपाठ. (मी लेबल लावलं होतं ते माणसांच्या डोळ्यांवर. यंत्राला पाठीवर बघायची गरजच नव्हती.) मी चहाचा कप उचलला आणि फोन वाजायला लागला तो दुपारपर्यंत थांबला नाही. यंत्र टीक-टीक करतंय. यंत्रातली बाई काहीतरी इंग्रजीत सांगतेय. खारबावच्या माझ्या धाकट्या बहिणीने, मंगलने, ते तांदळाच्या पिंपात पुरलं, तर ती बाई तांदळातून बोलायला लागली. एका मामाने ते आंब्याला टांगलं आणि झाडावरचे कावळे गेले ते दोन दिवस आले नाहीत. एका मावशीने नवऱ्याला विचारलं, ही बाई कोण, आणि मावसा अजून हिशेब देतोय. बाई प्रत्यक्षात एवढंच म्हणत होती की माझी मुदत संपली, मी आता काम करणार नाही, मला बदला. असं स्पष्टपणे आमच्या खानदानात आजवर कोणी बोललेलं नव्हतं.

मी सगळ्यांना सांगितलं की कंपनीकडून काहीतरी गडबड आहे, सेल काढा आणि डबा माळ्यावर टाका. कोणी खोलात शिरलं नाही. फुकटच्या वस्तूचं एक बरं असतं, तिच्या मयताला कोणी जाब विचारत नाही.

पडघ्याला मात्र मी स्वतः गेलो. मुलीच्या सासरी आपला आहेर दिवसभर इंग्रजीत गळा काढतोय, हे बरं दिसत नव्हतं. गुलाबबाईंचं यंत्र स्वयंपाकघर आणि न्हाणी यांच्या मधल्या बोळात होतं. मी स्टुलावर चढलो, यंत्र उतरवलं, सगळ्यांकडे पाठ करून त्यातले सेल काढले, खिशात घातले, आणि यंत्र परत छताला फिरवून बसवलं. बाई गप्प झाली. गुलाबबाईंनी विचारलं, झालं का बरं? मी म्हणालो, झालं दुरुस्त, आता काळजी नाही.

आता काळजी नाही! माझ्यासारख्या माणसाने आयुष्यात मोजून जी पूर्ण वाक्यं बोलली असतील त्यात हे एक. खिशातले सेल घरी येऊन मी टीव्हीच्या रिमोटला घातले. चांगले चालले.

त्या दिवशी मी एक केलं, जे न केलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो. मी यंत्राची माहिती शेवटपर्यंत वाचली. तारीख उलटली की धूर एकवेळ कळेल, पण वायू कळायची खात्री नाही. वायू कुठे होतो? बंद खोलीत शेगडी, बंद गॅरेजात गाडी, बंद न्हाणीत गॅसचा गीझर. लक्षणं काय? डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं. मी ते वाचलं, मान हलवली, आणि मॅच लावली.

थंडी पडली. आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी फॅन एकने कमी, पण गुलाबबाईंच्या नव्या न्हाणीत गॅसचा गीझर होता आणि तो कारणी लावायचा होता. न्हाणीला एक खिडकी होती. हायवेची धूळ आत येते म्हणून गुलाबबाईंनी तिला जाड पुठ्ठा ठोकलेला.

आणि एका रविवारी नाश्त्याला सुनंदा लाजत म्हणाली, पडघ्याला गोड बातमी दिसतेय. प्राचीला सकाळी गरगरतं, मळमळतं, डोकं धरून बसते. मी विचारलं, कोणी सांगितलं. म्हणाली, गुलाबबाईंनीच, त्यांनी तर पाळण्याचा माणूसही बघून ठेवला. प्राची मात्र म्हणते की मी घरी टेस्ट केली, तसं काही नाही. पण बायकांनी तिला उडवून लावलं की लवकर केलीस. शिवाय ऑफिसला गेलं की हिला बरं वाटतं म्हणे. सासूबाईंच्या मते ते काम चुकवायचं लक्षण.

“आणि हे होतं कधी? सकाळी उठल्या उठल्या?” मी विचारलं.

“नाही हो. अंघोळ करून आली की.”

इडलीचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. दोन घरांत मिळून हे कळणारा मी एकटा माणूस होतो. त्या क्षणी फोन उचलून मला एक वाक्य बोलायचं होतं: प्राची, न्हाणीत जाऊ नकोस, गीझर बंद कर. फोन ताटाशेजारी होता. पण त्या वाक्यानंतर दुसरं वाक्य आलं असतं, की पप्पा, मशीन आहे ना वर? आणि मग तिसरं मला बोलावं लागलं असतं. लेबल, सेल, रिमोट, सगळं. मी घास गिळला आणि म्हणालो, चल, पडघ्याला जाऊन येऊ.

सुनंदा हरखली. हरखलेली बाई दहा मिनिटांत निघत नाही. साडी बदलली, मग तिला जुळणारी पर्स शोधली, मग वाटेत पेढ्यांसाठी गाडी थांबवली, आणि पेढ्यांच्या दुकानात तिने दोन प्रकार चाखून बघितले. मी गाडीत बसून घामाने निथळत होतो. पुढे पडघ्याच्या नाक्यावर कंटेनर अडकलेला. सगळा वेळ फोन माझ्या खिशात होता. हे मी पुन्हा सांगतो, कारण कोणी विचारायच्या आत आपणच सांगितलेलं बरं.

पोचलो तर ओटीवर बायका भरलेल्या. गुलाबबाईंच्या म्हाताऱ्या काकी मधोमध बसून नातसुनेच्या चालण्यावरून मुलगा की मुलगी ते ठरवत होत्या. प्राची दिसली नाही. बोळातून गीझरचा आवाज येत होता आणि न्हाणीत पाणी पडत होतं. मी चपलांसकट आत धावलो. सुनंदा मागून ओरडली की पेढे माझ्या हातात द्या तरी. मी न्हाणीच्या दारावर दोन्ही हातांनी बुक्क्या मारायला लागलो.

“बाहेर ये! आधी बाहेर ये! कडी काढ!”

ओटीवरचं बोलणं बंद झालं. आतलं पाणीही थांबलं. आणि स्वयंपाकघरातून प्राची बाहेर आली, हातात चहाचा ट्रे.

“पप्पा,” ती हळू आवाजात म्हणाली, “आत आई आहेत.”

आई म्हणजे तिच्या सासूबाई. म्हणजे मी माझ्या विहिणीच्या न्हाणीचं दार, सगळ्या भावकीच्या बायकांसमोर, चपलांसकट, बुक्क्यांनी बडवत होतो. कुठलाही शहाणा माणूस तिथून निघाला असता, गाडीत बसला असता आणि थेट नाशिकला जाऊन राहिला असता. पण वायूला नातं कळत नाही. मी पुन्हा दार बडवायला लागलो. फक्त आता अदबीने.

“विहीणबाई, बाहेर या! आहात तशा या!”

हे शेवटचे शब्द माझ्या तोंडून का निघाले ते मला माहीत नाही. तालुक्यात नंतर जे फिरलं ते हेच.

आतून उत्तर आलं नाही. आधी तांब्या पडला. मग काहीतरी भिंतीला घासलं. प्राचीने ट्रे खाली ठेवला, मला बाजूला सारलं आणि दार हलवून हलवून आई, कडी काढा, एवढंच म्हणत राहिली, आणि ते क्षण मी विनोदात सांगू शकत नाही. मग कडी निघाली. गुलाबबाई ओल्या लुगड्यात कशाबशा बाहेर आल्या आणि बोळातच भिंतीला टेकून बसल्या. पहिल्यांदाच त्यांच्यापेक्षा दार मोठं दिसलं. मी आत जाऊन गीझर बंद केला, पुठ्ठा ओढून काढला. बायकांनी त्यांना ओसरीवर वाऱ्याला आणलं. काय होतंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, डोकं फिरतंय, मळमळतंय. रोजच होतंय, पण ह्या वयात सांगायचं कोणाला?

काकींनी त्यांच्याकडे निरखून बघितलं.

“गुलाब,” त्या म्हणाल्या, “तुलापन दिवस गेलं का काय गो?”

डॉक्टरांनी दोघींना, सासूला आणि सुनेला, ऑक्सिजन लावला. वेळेवर आणलं म्हणाले. न्हाणीतला गीझर बाहेर काढा, खिडकी उघडी ठेवा, आणि गोड बातमी नाही, हा गॅस आहे. हे ते म्हणाले तेव्हा बाहेर बाकड्यावर सुनंदाच्या डब्यातले पेढे अर्धे संपले होते. कोणी परत ठेवले नाहीत.

दोघी संध्याकाळपर्यंत ठणठणीत झाल्या. आणि खाटेवर उठून बसल्या बसल्या गुलाबबाईंनी सगळ्यांना सांगितलं की हे यंत्राने केलं. यंत्राने व्याह्यांच्या फोनवर कळवलं, म्हणून व्याही मानकोलीवरून धावत आले, आणि आपण मेलं त्या यंत्राला नावं ठेवत होतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काही बोललो नाही. लोकांना वाटलं, किती विनय!

आठवड्यात गोतावळ्यातल्या घराघरातून ते मेलेले डबे माळ्यावरून खाली आले. कोणी पुसले, कोणी नवे सेल घातले, ते टीक-टीक करायला लागले तर काढून नुसताच डबा छताला बसवला, दोन घरांत तर कुंकू लागलं. मी शरमेने गोडाऊनवरच पडून असायचो. तोवर मी स्वतःशी घोळवत होतो की कोणाचं काही बिघडत नाहीये. मग खारबावहून मंगलचा फोन आला. तांदळाच्या पिंपातून यंत्र काढून तिने न्हाणीबाहेर लावलं होतं.

“दादा, आमीपन गॅसचा गीझर घेतलाय. आत न्हाणीतच बसवतेय. तुझं मशीन हाय, मंग भीती कसली?”

तिला मी त्याच फोनवर, श्वास न घेता, बसवू नकोस म्हणालो. का, तेही सांगितलं. सगळं. ती म्हणाली, हे वहिनीला माहीत हाय? नाही म्हणालो. गुलाबबाईंना? नाही. एक तुच्छ उसासा टाकून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुनंदाला घेऊन पडघ्याला गेलो. वाटेत तिला सांगितलं. ती पूर्ण रस्ता खिडकीतून गोडाऊनं मोजत राहिली. गुलाबबाईंच्या बोळात मी स्टुलावर चढलो, यंत्र उतरवलं आणि त्यांच्यासमोर, प्राचीसमोर, गणपतीचं लेबल नखाने सोलायला घेतलं. लेबल चांगल्या प्रतीचं, सुटेना. शेवटी प्राचीने ओल्या फडक्याने पुसून काढलं. खाली तारीख. मग मी झाकण उघडून रिकामी सेलची जागा दाखवली. मी बोलत गेलो आणि मला वाटलं, आता शिव्या येतील, आल्या तर बरं होईल.

गुलाबबाई तारखेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली.

“म्हंजे मशीन मेलेलं व्हतं.”

“हो.”

“तुमच्या फोनला काय कळलं न्हाय.”

“नाही.”

“मंग,” त्या म्हणाल्या, “माझ्या न्हाणीचं दार तुमी कशाला वाजवलंत?”

ओटीवर काकी होत्या. त्यांनी माळ खाली ठेवली. मी घाईघाईने सांगितलं की मला लक्षणांवरून कळलं होतं, नाश्त्याला सुनंदा बोलली तेव्हाच कळलं होतं, आत प्राची आहे असं वाटलं. हे म्हणताना मला दिसत होतं की मी एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात उतरतोय.

“नाश्त्याला कळलं,” प्राची म्हणाली. “आणि तुम्ही पोचलात जेवायच्या वेळेला. पप्पा, फोन का नाही केलात?”

ह्याला उत्तर आहे. ते मी तिला दिलं, जसंच्या तसं. मला लाज वाटली म्हणून. तुझ्या जिवापेक्षा माझी लाज मला सकाळभर जड वाटली. तिने आत जाऊन चहा ठेवला, आणि माझ्या कपात साखर घातली नाही. आजही घालत नाही. मी मागत नाही.

त्यानंतर प्रत्येक घरी मी दुकानातून विकत आणलेलं नवं यंत्र बसवलं. कार्बन मोनॉक्साइडचं, अलीकडच्या बनावटीचं. प्राचीने जाड मार्करने प्रत्येकाच्या तोंडावर मुदत लिहिली, पाठीवर नाही. घरातला एकजण वर्षातून एकदा वाचून दाखवणार, असं ठरलं. सूचना आता ज्याच्या त्याच्या फोनवर जातात. कोणाचे बोंबील करपले हे मला कळत नाही, आणि सुनंदाशी बोलायला माझ्याकडे पुन्हा विषय उरलेला नाही.

गुलाबबाई आमच्याशी नीट आहेत. येणं-जाणं आहे, मानपान आहे. फक्त मी त्यांच्याकडे काहीही नेलं, मिठाई, फरसाण, हापूसची पेटी, की त्या आधी ते उलटं करून पाठ बघतात. मी त्याची सवय करून घेतली. परवा रिकाम्या हातानेच गेलो, म्हटलं आज तरी सुटलो. दारात त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “व्याही, जरा वळा बघू.”

मी वळलो.